गतीचा जमाखर्च

हलत्या चित्राची गती सुरळीत कशी करावी, हा प्रश्न चित्रकलेचा की विज्ञानाचा, यावर दोन मते होऊ शकतील. पण तो वाणिज्य शाखेचा आहे असे म्हटले तर बहुतेक वाचक हसतील. मी मात्र तेच म्हणणार आहे. का म्हणतो ते शेवटपर्यंत वाचावे आणि मग वाटल्यास खुशाल हसावे.

बेगम बाजार ही आपल्या हैदराबादची मोठी ठोक पेठ. किराणा, सुका मेवा, मसाले, पितळेची आणि स्टीलची भांडी यांची दुकाने गल्लोगल्ली एकमेकांना खेटून उभी आहेत. एके काळी येथील दुकानदाराची जाहिरात म्हणजे रंगवलेली पाटी आणि दिवाळीला वाटायचे कॅलेंडर. आज त्याला फोनवरून गिऱ्हाइकांना पाठवता येईल अशी अर्ध्या मिनिटाची हलती जाहिरात हवी असते. ती करून देणाऱ्यांत आमच्या वयाचे विद्यार्थी पुष्कळ आहेत. सकाळी वर्ग, दुपारी एखाद्या पेढीवर हिशेबाची उमेदवारी आणि रात्री संगणकावर ही जाहिरातींची कामे, असा कित्येकांचा दिनक्रम असतो. त्यातून फीचा आणि पुस्तकांचा खर्च निघतो. म्हणून हा प्रश्न निव्वळ हौसेचा आहे असे मी समजत नाही.

गेल्या धनत्रयोदशीच्या आधी एका भांड्यांच्या दुकानासाठी मी अशीच एक जाहिरात केली. वरून पितळेचा कलश खाली येतो, पाटावर टेकतो, मग बाजूने दुकानाचे नाव सरकत येते, एवढीच कल्पना. कलश कोठून निघावा आणि कोठे पोहोचावा, या दोन जागा मी संगणकाला सांगितल्या. अशा खुणेच्या जागांना की-फ्रेम म्हणतात. मधली सगळी चित्रे, म्हणजे फ्रेम, संगणकाने आपल्या आपण भरल्या. दुकानाच्या शेठजींनी ती जाहिरात पाहिली आणि फोन परत देताना ते एवढेच म्हणाले, "बेटा, मेरा माल पीतल का है. ये तो कागज का दिखता."

रंग पितळेचा होता, चकाकी पितळेची होती. चित्र तर त्यांच्याच दुकानातल्या कलशाचे होते. तरीही शेठजींचे म्हणणे खरे होते. वरून खाली येणारा तो कलश एखाद्या पत्रिकेच्या तुकड्यासारखा सरळ घसरत येई आणि पाटावर आला की खिळा ठोकल्यासारखा थांबे. त्याला वजनच नव्हते.

घरी येऊन मी आमच्यापैकी कोणीही करील तेच केले, बटण शोधले. बहुतेक संकलन-प्रणालींत हालचाल आपोआप गुळगुळीत करून देणारी एक सोय असते. ही सोय दोन फ्रेमच्या मध्ये नवी फ्रेम तयार करून घालते. पहिल्या चित्रातला कोणता ठिपका दुसऱ्या चित्रात कोठे गेला याचा अंदाज बांधायचा आणि त्या दोहोंच्या मधली जागा रंगवायची, अशी तिची रीत आहे. तिला ऑप्टिकल फ्लो म्हणतात. मी ती लावली. सेकंदाला २५ फ्रेम होत्या त्या ५० झाल्या. परंतु कलशाच्या मागे मी जाळीची नक्षी घातली होती. एकसारख्या खिडक्यांत कोणती खिडकी कोणती, याचा गोंधळ होऊन कलशाचा गळा मेणासारखा वितळू लागला. जेथे वितळत नव्हता तेथेही काम साधले नव्हते. आधी तो कागद होता, आता तो अधिक गुळगुळीत घसरणारा कागद झाला.

येथे हिशेबाचा विद्यार्थी जागा व्हायला हवा होता. दोन खऱ्या नोंदींच्या मध्ये अंदाजाने तिसरी नोंद लिहायची, असे कोणी कीर्दीत केले तर आपण त्याला काय म्हणतो? नोंद सुबक असते, अक्षर वळणदार असते, पण तिच्यामागे पावती नसते. या सोयीचा उपयोग मुळीच नाही असे नाही. साध्या पार्श्वभूमीवर कॅमेऱ्याने घेतलेले एखादे दृश्य संथ करून दाखवायचे असेल तर ती चांगली चालते. पण मुळातली चाल चुकली असेल तर फ्रेम दुप्पट करून ती सुधारत नाही; चूक फक्त दुप्पट पानांवर उतरते.

मग चाल सुधारायची कशी? याचे उत्तर मला पुस्तकाआधी रस्त्याने दिले. बेगम बाजारातल्या अरुंद गल्ल्यांत माल हातगाडीवरून हलतो. भांड्यांची पोती लादलेली एक गाडी मी दुकानासमोर उभा राहून पाहत होतो. हमाल मामा लातूरकडचे. पहिल्या दोन-तीन पावलांना गाडी जेमतेम हलली, मग तिने वेग घेतला, आणि दुकान पुढे दिसताच मामांनी कितीतरी आधीपासून अंग मागे टाकून तिला आवरायला सुरुवात केली. मी सहज विचारले तेव्हा ते म्हणाले, "भरल्या गाडीला आधी मनवावं लागतं बाळा, अन् थांबवायचं असलं तर दहा पावलं आधी सांगावं लागतं. रिकामीला काय, कशीबी पळते."

सारे मर्म या दोन वाक्यांत आले. डोळा वजन ओळखतो ते वस्तूच्या रंगावरून ओळखत नाही. ती किती हळू निघाली आणि किती आधीपासून मंदावली, यावरून ओळखतो. डिस्नेच्या चित्रशाळेतील फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोन जुन्या कारागिरांनी १९८१ साली आपल्या ग्रंथात चलच्चित्राची बारा तत्त्वे मांडली. त्यांतील एक तत्त्व हेच आहे: संथ निघा, संथ पोहोचा. आजच्या प्रणालींत त्याला ईझ-इन आणि ईझ-आउट म्हणतात.

आता वाणिज्य शाखेचा मुद्दा. घसारा काढण्याच्या दोन पद्धती आपण अकरावी-बारावीतच शिकतो. एक समान हप्त्याची आणि दुसरी घटत्या शिलकेची. कलशाला १००० पिक्सेल खाली यायचे आहे आणि त्यासाठी १० फ्रेम आहेत असे धरू. समान हप्त्याने प्रत्येक फ्रेममध्ये तो १०० पिक्सेल सरकेल. पुष्कळ प्रणाली सांगितल्याशिवाय हेच करतात, आणि माझा कागदी कलश याच कोष्टकाने उतरला होता. आता घटत्या शिलकेची पद्धत लावा आणि दर ३० टक्के धरा. पहिल्या फ्रेममध्ये ३००, मग उरलेल्या ७०० चे २१०, मग १४७, मग १०३, मग ७२, असे आकडे येतील. कलश वेगाने येतो, जवळ येताच मंदावतो आणि अलगद टेकतो. घटत्या शिलकेने पुस्तकी किंमत कधी शून्यावर येत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. येथेही दहा फ्रेमनंतर सुमारे २८ पिक्सेल उरतातच. ते शेवटी खर्ची टाकावे लागतात, म्हणजे कलश अंतिम जागी आणून ठेवावा लागतो.

तिसरे कोष्टक गॅलिलिओचे. सुटून पडणारी वस्तू समान कालखंडांत १, ३, ५, ७ या विषम संख्यांच्या प्रमाणात अंतर कापते. आपल्या हिशेबात ते आकडे १०, ३०, ५०, असे वाढत वाढत दहाव्या फ्रेमला १९० होतील. बेरीज पुन्हा १००० च. अंतर तेवढेच, वेळ तेवढाच, फ्रेमही दहाच; तरी पहिल्या कोष्टकात यंत्र दिसते, दुसऱ्यात कोणीतरी जपून ठेवणारा हात दिसतो आणि तिसऱ्यात हातून सुटलेले भांडे दिसते. एकूण रक्कम सारखी असून केवळ वाटणी बदलली की अर्थ बदलतो, याहून अधिक वाणिज्य ते कोणते असावे?

हे आकडे हाताने लिहीत बसण्याची आज गरज नाही. प्रणालीत प्रत्येक हालचालीचा एक आलेख असतो. रेघ उभी चढली की वेग जास्त, आडवी पडली की वेग कमी. ती वक्ररेषा वाकवण्याच्या दांड्यांना बेझिए हे नाव आहे; रेनो या मोटार कंपनीतील अभियंते पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात मोटारींच्या अंगांची वळणे काढण्यासाठी या रेषांचा वापर रूढ केला. हा आलेख उघडण्यास पैसे पडत नाहीत. ब्लेंडरसारख्या मोफत प्रणालीतही तो आहे. तरी आमच्यातील बरेच जण तो कधी उघडत नाहीत, कारण बटण त्याच्या आधी सापडते.

गतीचा हा हिशेब आपल्या लोकांना नवा आहे असेही नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' हा दिव्याच्या चित्रांचा खेळ सुरू केला. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्यापुढे हलवून ते पडद्यावर हालचालीचा भास निर्माण करीत. तेथे गती सुरळीत होणे हे सर्वस्वी हातावर अवलंबून होते. पुढे दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढण्याआधी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घ्यायची आणि मग त्या सलग दाखवायच्या, अशी ती युक्ती होती. अंतर नियमित ठेवले म्हणूनच कुंडीतले बी पडद्यावर वेल होत गेले. १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. तीत काडेपेटीतल्या काड्या एकेक फ्रेमला हाताने सरकवून नाचवल्या. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याचा तो काळ होता. सेकंदाला २४ फ्रेमचा नेम बोलपटांबरोबर आला. त्या माणसापाशी बटण नव्हते. पुढची काडी किती सरकवायची याचा निर्णय प्रत्येक फ्रेमला त्यालाच घ्यावा लागे.

नियमित अंतराचा हा धडा आजही तितकाच लागू आहे, कारण आपल्या चित्रफिती अडखळण्याचे दुसरे मोठे कारण तेच असते. फोनचा कॅमेरा बहुधा सेकंदाला ३० फ्रेम घेतो, आणि आपण त्या फिती २५ च्या पट्टीवर टाकतो. मग दर सहा फ्रेममागे एक गळते आणि सरळ चालणारा माणूस तेथे उडी मारतो. २४ ची फीत ३० च्या पट्टीवर घातली तर दर चार फ्रेममागे एक दोनदा दिसते आणि माणूस ठेचकाळतो. म्हणून कामाची पट्टी पहिल्यांदाच मुख्य फितीच्या गतीशी जुळवून घ्यावी. शिवाय काम चालू असताना पडद्यावर जे अडखळते ते पुष्कळदा आपल्या संगणकाची ताकद कमी पडल्यामुळे असते. फीत पूर्ण तयार करून पाहिल्याशिवाय दोष कोणाचा हे ठरवू नये. तेरीज न घालता चूक शोधू लागणारा कारकून आणि असा संकलक यांत फरक नाही.

तिसरी गोष्ट पुसटपणाची. कॅमेऱ्यात २५ फ्रेमना प्रत्येक फ्रेम साधारणपणे सेकंदाचा पन्नासावा भाग उघडी राहते. त्यामुळे वेगाने जाणारी वस्तू त्या चित्रात किंचित फराटल्यासारखी येते आणि डोळा ते फराटे जोडून घेतो. संगणकाने सरकवलेला कलश प्रत्येक फ्रेममध्ये धारदार असतो. म्हणून तो वेगात आला की एकाऐवजी दहा कलश उभे आहेत असे वाटते. मोशन ब्लर नावाची सोय हा फराटा घालून देते. वेगवान वस्तूला ती जरूर द्यावी. वाचायच्या अक्षरांना मात्र देऊ नये.

अक्षरांवरून एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती मला याच मासिकाच्या कन्नड विभागातील एका मित्राने दाखवली. या पेठेत नांदेड-उदगीरकडचे व्यापारी येतात तसे बीदर-कलबुर्गीकडचेही येतात, म्हणून ती जाहिरात दोन्ही भाषांत करायची होती. नाव एकेक अक्षराने उमटत जावे, अशी तयार योजना प्रणालीत असते. इंग्रजीत ती शोभते. आमच्या लिपीत 'किराणा' हा शब्द तसा उमटू लागला की आधी 'क' येतो, मग त्याच्या डावीकडे वेलांटी घुसते आणि 'क' दचकून उजवीकडे सरकतो. 'लक्ष्मी' लिहिताना 'क' आधी सुटा येतो, मग पाय मोडतो, मग 'क्ष' होतो. कन्नडात ओत्तक्षर आधीच्या अक्षराच्या पायाशी जाऊन बसते, आणि चौकट अपुरी असेल तर कापलेही जाते. आमची गती येथे अडखळते ती यंत्र मंद आहे म्हणून नव्हे. ती योजना आमच्या अक्षरांचा विचार करून केलेली नाही म्हणून. उपाय सोपा आहे. अख्खा शब्द एकदम आणावा किंवा पूर्ण लिहिलेल्या शब्दावरचा पडदा हळूहळू बाजूला सारावा. अक्षर जागचे हलत नाही आणि शिरोरेखाही तुटत नाही. मराठी आणि कन्नड विभाग या मासिकात शेजारी शेजारी छापले जातात, तरी दोघांची अडचण एकच आहे हे आम्हांला संगणकापुढे बसल्यावर कळले.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप हवाच कशाला? फोनचा पडदा वीतभर. पाहणारा तीन सेकंदांत पुढे जातो. त्याला कलशाचे वजन काय कळणार? आणि गुळगुळीतच हवे असेल तर फ्रेम वाढवाव्यात की! यातील दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर चित्रपटसृष्टीनेच दिले आहे. २०१२ साली 'द हॉबिट' हा चित्रपट काही ठिकाणी नेहमीच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला ४८ फ्रेमने दाखवला गेला. तेव्हा तो दूरदर्शनच्या मालिकेसारखा दिसतो अशी अनेक प्रेक्षकांनी तक्रार केली. नव्या टीव्ही संचांत मधल्या फ्रेम आपोआप भरण्याची सोय असते. ती बंद करून चित्रपट पाहा, असे सांगण्यासाठी २०१८ साली टॉम क्रूझ या नटाला चित्रफीत काढावी लागली. खेळाचे सामने पाहताना जास्त फ्रेमचा निश्चित फायदा होतो. पण सगळ्यालाच गुळगुळीतपणा फासला की सुरळीतपणा येतो, ही समजूत खोटी आहे. पहिल्या आक्षेपाचे उत्तर शेठजींनी दिले आहे. त्यांना फ्रेम म्हणजे काय ते ठाऊक नाही, तरी वीतभर पडद्यावर त्यांनी कागद ओळखला. आयुष्यभर पितळ उचलून ठेवलेल्या माणसाचा तो डोळा होता. आणि त्यांचे गिऱ्हाईकही पितळ उचलूनच घेते.

मित्रहो, आता माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. आमच्यासारख्यांची या कामातली मजुरी कशावर टिकणार आहे? बटण दाबण्याची मजुरी फार दिवस कोणी देणार नाही. आज मी दाबतो ते बटण उद्या शेठजींचा नातू दुकानात बसल्या बसल्या दाबील. परवा ते दाबायलाही माणूस लागणार नाही, कारण मधली चित्रे स्वतः कल्पून भरणारी यंत्रे आलेलीच आहेत. ज्या कामात आपण काहीच ठरवत नाही त्या कामाचे मोल शून्याकडे जाते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात आहे. याउलट हा कलश ठेवला जात आहे की पडत आहे, तो रिकामा आहे की भरलेला, नाव आधी वाचले जावे की भाव, हे ठरवणे हे माणसाचे काम आहे. 'छोटा भीम' ही २००८ पासून घरोघरी पोहोचलेली मालिका आपल्याच शहरातील चित्रशाळेत जन्मली. म्हणजे हे काम येथे नाही असे नाही. ते आपल्याला मिळावे असे वाटत असेल तर तयारी बटणाच्या पलीकडची हवी.

म्हणून माझी सूचना आहे की आपल्या महाविद्यालयात दर सत्रात आठ-दहा तासांचा एक वर्ग या विषयासाठी भरावा, आणि तो तिन्ही शाखांना खुला असावा. त्यासाठी महाग संगणक नकोत. पहिल्या तासाला विद्यार्थ्यांना दाखवावी ती प्रणाली नव्हे, रस्त्यावरची भरलेली हातगाडी. दुसऱ्या तासाला कागदावर तीन कोष्टके मांडायला लावावीत. आलेख तिसऱ्या तासाला उघडावा. घसाऱ्याचे गणित परीक्षेपुरते असते असे ज्यांना वाटते, त्यांना ते कलशाला उतरवताना पाहून तरी त्याची गोडी लागेल.

राहिली शेठजींची गोष्ट. मी कलशाला घटत्या शिलकेने उतरवले. तो अगदी टेकण्यापूर्वीच्या शेवटच्या काही फ्रेमना पाटावर त्याची सावली दाट होत जाईल असे केले, नाव अख्ख्या शब्दाने आणले, आणि दुसऱ्या दिवशी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी ती फीत दोनदा पाहिली. कलशाविषयी ते एक अक्षरही बोलले नाहीत. "भाव नै लिखा इसमें?" एवढेच त्यांनी विचारले. तेरीज जुळली की तिच्याविषयी कोणी बोलत नाही, नजर पुढच्या पानावर जाते. माझे काम जुळले आहे हे मला त्या प्रश्नावरून समजले, आणि मी भाव लिहायला बसलो.